जबूर कोणाची?



आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या आई मध्यंतरी वारल्या. बाई ख्रिस्ती आहेत. कित्येक वर्षे आम्ही एकाच स्टाफरूममध्ये शेजारी बसून डबा खातो. मी मातीला गेले. ख्रिस्ती कबरस्थानात जाण्याची माझी ती पहिलीच वेळ. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडून मराठीत एक स्तोत्र वाचायला सुरुवात केली, तेव्हा मी एकदम सावध झाले. परमेश्वराला मेंढपाळाची उपमा देणारे ते स्तोत्र. स्तोत्रसंहितेतले तेविसावे. परंपरा ते हजरत दाऊद (अलै.) यांचे मानते. जमलेल्या बायाबापड्यांना ते तोंडपाठ होते. पाळक वाचत होते आणि मागून सगळे हळू आवाजात म्हणत होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारले, “काय पढले त्यांनी?”

मी म्हणाले, “जबुरातले एक स्तोत्र.”

त्या जरा थांबल्या. “जबूर तर दाऊद अलैहिस्सलामांची. यहुदी लोक ती पढतात हे ऐकले आहे. मग ती ईसाई लोकांची कधीपासून झाली?”

मी उत्तर शोधत होते तेवढ्यात नववीतला माझा मुलगा जेवता जेवता म्हणाला, “दादी, त्यांनी किताबच बदलून टाकली. विषय संपला.”

विषय संपला नव्हता. हेच वाक्य त्याने दोन दिवसांनी शाळेत बाईंच्या मुलालाही ऐकवले. “तुमची किताब अस्सल नाही,” असे. ज्या मुलाच्या आजीला त्याच किताबीतले शब्द म्हणत नुकतेच मातीत ठेवले होते, त्या मुलाला. बाई मला काही बोलल्या नाहीत. पण त्यांचा मुलगा आमच्याकडे अभ्यासाला यायचा, तो यायचा बंद झाला. शिक्षिका म्हणून आणि आई म्हणूनही मला शरम वाटली. एका संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेले. आधी माफी मागितली. मग म्हणाले, “तुम्ही तो ग्रंथ कसा वाचता, ते मला सांगा.” त्यांनी आईचे बायबल काढले. पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या जन्मांच्या, लग्नांच्या आणि मृत्यूंच्या तारखा होत्या. शेवटची तारीख बाईंच्या अक्षरात होती, शाई अजून ताजी दिसत होती.

त्या संध्याकाळी जे ऐकले आणि पुढे वाचून जे पडताळले, ते या महिन्याच्या सदरात मांडते. आपला अकीदा आपल्याजवळ आहेच. आज शेजाऱ्याचे म्हणणे त्याच्या बाजूने समजून घेऊ.

एक ग्रंथ, दोन शेवट

ख्रिस्ती बायबलचे दोन भाग आहेत: जुना करार आणि नवा करार. ‘करार’ हा मुळात अरबी शब्द, आपल्या रोजच्या बोलण्यातला. नव्या करारात 27 पुस्तके आहेत आणि ती हजरत ईसा (अलै.) व त्यांच्या अनुयायांविषयी आहेत. जुना करार मात्र यहुद्यांचा धर्मग्रंथ आहे. यहुदी त्याला ‘तनख’ म्हणतात. त्याचे तीन भाग: तौरात, नबींची पुस्तके आणि इतर लेखन. जबूर या तिसऱ्या भागात येते. यहुदी एकूण 24 पुस्तके मोजतात. प्रोटेस्टंट ख्रिस्ती तीच पुस्तके वेगळी विभागून 39 मोजतात. कॅथलिकांची संख्या 46, कारण ते आणखी काही जुनी पुस्तके त्यात धरतात.

म्हणजे बाईंच्या आईच्या बायबलचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग यहुदी लोक आधीपासून वाचत होते. नवा करार ज्यांनी लिहिला, तेही बहुतेक यहुदीच होते. त्यांच्यासाठी ‘धर्मग्रंथ’ हा शब्द उच्चारला की तोच जुना ग्रंथ समोर येई, कारण नवा करार तेव्हा लिहिलाच जात होता.

पुस्तके तीच, पण क्रम वेगळा, आणि क्रमात मोठा अर्थ आहे. यहुद्यांच्या आजच्या छापील तनखमध्ये शेवटी ‘इतिहास’ हे पुस्तक येते. इराणचा बादशहा सायरस बंदिवासातल्या यहुद्यांना यरुशलेमला परत जाऊन अल्लाहचे घर बांधायची मुभा देतो, तिथे ग्रंथ संपतो. शेवटचा सूर घरी परतण्याचा आहे. ख्रिस्ती जुन्या कराराच्या शेवटी मलाखी नबींचे पुस्तक आहे. त्याच्या अखेरीस हजरत इलियास (अलै.) पुन्हा येतील, असे वचन आहे. पान उलटले की नवा करार सुरू होतो, आणि त्याच्या पहिल्याच पानावर हजरत इब्राहीम (अलै.) यांच्यापासून हजरत दाऊद (अलै.) यांच्यामार्गे हजरत ईसांपर्यंतची वंशावळ आहे. थोड्याच पानांनी हजरत यह्या (अलै.) येतात. मलाखींनी ज्यांच्या येण्याचे सांगितले ते हेच, असे ख्रिस्ती मानतात. यहुदी घरांत मात्र वल्हांडणाच्या रात्री आजही इलियासांच्या नावाचा एक पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात.

बाई म्हणाल्या, “आमच्यासाठी जुना करार म्हणजे वाट पाहण्याची गोष्ट. येशू आल्यावर ती पुरी झाली.” ख्रिस्ती वाचनाची किल्ली या दोन वाक्यांत आहे. त्यांच्या मते जुना ग्रंथ खरा आहे, पण अपुरा आहे. तो पुढे बोट दाखवतो.

रथातला प्रश्न

हे बोट दाखवणे म्हणजे काय, त्याचे उत्तम उदाहरण नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. बायबलमध्ये ज्या देशाला इथिओपिया म्हटले आहे, त्या आजच्या सुदानच्या बाजूच्या मुलखातल्या राणीचा खजिनदार यरुशलेमहून परत निघाला होता. रथात बसून तो यशया नबींचे पुस्तक मोठ्याने वाचत होता. फिलिप्प नावाचा ईसांचा अनुयायी वाटेत भेटला. त्याने विचारले, वाचतोस ते समजते का? खजिनदार म्हणाला, कोणी समजावून दिल्याशिवाय कसे समजेल? मग त्याने नेमका प्रश्न केला: नबी हे कोणाविषयी बोलत आहेत, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी?

तो वाचत होता तो भाग यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला. त्यात परमेश्वराच्या एका सेवकाचे वर्णन आहे. तो निरपराध आहे, मुकाट्याने छळ सोसतो, इतरांच्या अपराधांचे ओझे त्याच्यावर येते. फिलिप्पाने तिथूनच सुरुवात करून त्याला येशूविषयी सांगितले. ख्रिस्ती आजही गुड फ्रायडेला हा अध्याय वाचतात. त्यांच्या मते यशयांनी शेकडो वर्षे आधी येशूच्या यातनांचे चित्र काढून ठेवले. बाईंच्या आईच्या बायबलात या पानावर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. बाई म्हणाल्या, “आईने नवरा लवकर गेल्यावर हे पान खूप वाचले. ज्याने स्वतः सोसले तो माझे सोसणे ओळखतो, असे ती म्हणायची.”

यहुदी आलिम या अध्यायाकडे वेगळ्या नजरेने पाहतात. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेले रशी हे त्यांचे फार मोठे भाष्यकार. त्यांच्या मते हा सेवक म्हणजे कोणी एक माणूस नाही, तर जगभर छळ सोसणारी इस्राएलची सारी कौम. याला आधारही आहे, कारण यशयाच्या त्याच पुस्तकात आधीच्या अध्यायांत इस्राएललाच ‘सेवक’ म्हटले आहे.

क्रूसावरच्या मृत्यूविषयी आपला विश्वास दोघांहून वेगळा आहे, हे वाचकांना सांगायला नको. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इथे दोघांनीही अक्षर बदललेले नाही. शब्द तेच आहेत, प्रश्नही तोच आहे. उत्तर मात्र कोण कुठे उभा राहून वाचतो, त्यावर ठरले.

मग डुक्कर का चालते?

हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात असतो. तौरातमध्ये डुकराचे मांस मना आहे, खतना आहे, शनिवारचा सब्बाथ आहे. ग्रंथ मानता, तर हुकूम का मानत नाही? मी बाईंना स्पष्टच विचारले. त्या हसल्या. “मला वाटलेच होते तुम्ही विचारणार.”

हा प्रश्न सर्वांत आधी ख्रिस्ती लोकांनी स्वतःलाच विचारला होता. इसवी सन 49 च्या सुमारास यरुशलेममध्ये त्यांच्या थोरामोठ्यांची बैठक झाली. यहुदी नसलेले लोक मोठ्या संख्येने येऊ लागले होते. त्यांनी खतना करावी का, तौरातचा सारा कायदा पाळावा का, यावर बरीच वादावादी झाली. निर्णय असा झाला की तो भार त्यांच्यावर घालू नये. मात्र चार गोष्टींपासून त्यांनी दूर राहावे: मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचे मांस आणि व्यभिचार. ही यादी वाचताना मला आपल्या घरची आठवण झाली, तुम्हालाही झाली असेल. पुढे बहुतेक चर्चनी अन्नाविषयीचे नियम त्या काळापुरते मानले. पण सगळ्यांनी नाही. इथिओपियाच्या प्राचीन चर्चमध्ये आजही खतना होते आणि डुक्कर खात नाहीत. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक शनिवार पाळतात आणि डुक्कर वर्ज्य मानतात. पुण्यात औंधजवळ त्यांचे स्पायसर विद्यापीठ आहे.

बाकीच्यांचे उत्तर संत पौलाच्या एका उपमेत आहे. शिक्षिका म्हणून ती मला फार बोलकी वाटली. जुन्या काळी श्रीमंत घरच्या मुलाला शाळेत ने-आण करणारा, त्याला वळण लावणारा एक गडी असे. पौल म्हणतो, कायदा हा तसा सांभाळणारा होता. मूल मोठे झाले की त्याचे काम संपले. पुढच्या धर्मपंडितांनी तौरातच्या हुकमांचे भाग पाडले: नीतीचे, विधींचे आणि राज्यकारभाराचे. चोरी करू नका, आईबापांचा मान राखा, असे नीतीचे हुकूम कायम. कुर्बानी, खाणेपिणे, शुद्धी यांचे विधी येशूत पूर्ण झाले, असे ते मानतात.

यहुद्यांना ही उपमा मान्य नाही. त्यांच्यासाठी तौरात हे लहानपणाचे पांगुळगाडे नाही, ती अल्लाहची कायमची देणगी आहे. वर्षभर थोडी थोडी वाचून तौरात ज्या सणाला पूर्ण होते, त्या दिवशी ते तिच्या गुंडाळ्या हातात घेऊन नाचतात आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल, ज्यांना लोक शनिवार तेली म्हणत, त्यांनी शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवला तो याच ग्रंथाच्या हुकमाने.

दुआ मात्र एक

कायद्यावर मतभेद झाले, भविष्यवाणीच्या अर्थावर झाले, पण दुआ सामाईक राहिली. जबुरातली 150 स्तोत्रे ख्रिस्ती उपासनेचा कणा आहेत. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमानुसार त्यांच्या मठांत आठवड्यात सगळी स्तोत्रे म्हणून होत. कॅथलिक चर्चमध्ये आजही रविवारच्या प्रार्थनेत एक स्तोत्र असतेच. गुड फ्रायडेला आपल्याकडच्या अनेक चर्चमध्ये येशूच्या क्रूसावरच्या सात वचनांवर प्रवचने होतात. त्या सातांपैकी दोन वचने जबुरातली आहेत, एक बाविसाव्या स्तोत्रातले आणि एक एकतिसाव्यातले. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशूच्या ओठांवर शेवटच्या क्षणी दाऊदांचे शब्द होते. “म्हणून आम्हीही मरणाच्या वेळी तेच म्हणतो,” बाई म्हणाल्या. सासूबाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे मिळाले. यहुदीही आपल्या माणसाला निरोप देताना तेच तेविसावे स्तोत्र म्हणतात. आणि शेवटचा शब्दही सगळ्यांचा एक आहे. त्यांचे ‘आमेन’, आपले ‘आमीन’.

ती दुआ मराठीत कशी आली, हीदेखील आपल्या मातीतली गोष्ट आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सारे बायबल साध्या मराठीत आणले. त्यांचे निधन 1922 मध्ये झाले आणि ते भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

मुळावरच कुऱ्हाड

उरलेले अर्धे उत्तर मात्र कडू आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये मार्कियन नावाचा एक श्रीमंत जहाजमालक होता. त्याचे म्हणणे, यहुद्यांचा ग्रंथ ख्रिस्ती लोकांनी टाकून द्यावा, त्यातला देव वेगळाच आहे. चर्चने सन 144 मध्ये त्यालाच बाहेर काढले आणि ग्रंथ ठेवला. कधीपासून झाली, या प्रश्नाला तारीख द्यायची तर ही देता येईल: टाकून द्या म्हणणाऱ्याला नाही म्हटले तेव्हापासून.

पण ग्रंथ ठेवला, तरी ग्रंथवाल्यांना ठेवले नाही. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात ऑलिव्हच्या झाडाचा दाखला दिला होता. तुम्ही बाहेरून आणून कलम केलेल्या फांद्या आहात. मुळापुढे मिजास करू नका, कारण तुम्ही मुळाला धरून नाही, मूळ तुम्हाला धरून आहे. हा इशारा पुढच्या पिढ्या विसरल्या. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या भव्य चर्चवर तेराव्या शतकात दोन स्त्रियांचे पुतळे बसवले गेले. एक ख्रिस्ती धर्माचा: मुकुट घातलेली, ताठ मानेची. दुसरा यहुदी धर्माचा: डोळ्यांवर पट्टी, हातात मोडका भाला, दुसऱ्या हातातून निसटणाऱ्या शरीयतच्या पाट्या. अर्थ उघड होता: तुमचाच ग्रंथ, पण तुम्हाला तो दिसत नाही. ज्याला आंधळे ठरवले, त्याला गावाबाहेर काढणे सोपे गेले. 1933 मध्ये बर्लिनच्या एका मोठ्या सभेत नाझींच्या बाजूच्या ख्रिस्ती पुढाऱ्याने जुना करारच फेकून देण्याची मागणी केली. 1939 मध्ये आयझेनाख गावी जर्मन चर्चमधून यहुदी खुणा पुसून टाकण्यासाठी एक संस्थाही उघडली. पुढे यहुद्यांचे काय झाले ते जगाला माहीत आहे.

त्या हत्याकांडानंतर ख्रिस्ती विद्वानांनी स्वतःची झडती घेतली. 1965 मध्ये कॅथलिक चर्चच्या परिषदेने जाहीर केले की येशूच्या मृत्यूचा दोष साऱ्या यहुदी कौमेवर टाकता येणार नाही. 2001 मध्ये पोपच्या बायबल आयोगाने मान्य केले की यहुद्यांचे वाचनही त्या ग्रंथाचे एक रास्त वाचन आहे. 2015 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात त्याच दोन स्त्रियांचा नवा पुतळा बसवला. आता त्या शेजारी शेजारी बसल्या आहेत. कोणाच्या डोळ्यांवर पट्टी नाही. एकीच्या हातात पुस्तक, दुसरीच्या हातात गुंडाळी, आणि दोघी एकमेकींचे वाचत आहेत.

अर्थात वाचनाचे वाद आजही माणसांच्या घरादारांवर येतात. अमेरिकेतले अनेक ख्रिस्ती जुन्या करारातल्या भूमीच्या वचनाला आजच्या इस्राएल राष्ट्राचा सातबारा समजतात. 1909 मध्ये निघालेल्या स्कोफिल्ड यांच्या टीपांच्या बायबलने या विचाराला मोठा हात दिला. उलट, पॅलेस्टाईनमधले ख्रिस्ती तोच ग्रंथ वाचतात आणि म्हणतात की परमेश्वराचे वचन कोणाला बेघर करण्याचा परवाना होऊ शकत नाही. 2009 मध्ये त्यांनी ‘कैरोस पॅलेस्टाईन’ हे निवेदन काढून हे जगाला सांगितले. म्हणून “ईसाई लोक असे मानतात” असे सरसकट वाक्य उच्चारण्याआधी विचारावे: कोणते ईसाई?

घरचा अभ्यास

रात्री मी मुलाला बसवले. म्हणाले, “बेटा, कुरआन हा शेवटचा कलाम आहे, हा आपला ईमान आहे आणि तो सांगायला लाजायचे कारण नाही. पण ईमान सांगणे वेगळे आणि आजी गेलेल्या दोस्ताला टोमणा मारणे वेगळे. अहले किताबशी बोलायचे तर चांगल्याहून चांगल्या रीतीने बोला, हे सूरह अन्कबूत आपल्यालाच शिकवते. तुला त्या किताबीतले एक पान तरी माहीत होते का?”

तो गप्प राहिला. मग म्हणाला, “नाही.”

आपणही नंतर आलेलो आहोत. मूसा, दाऊद, ईसा (अलैहिमुस्सलाम) यांची नावे आपण आपली म्हणून घेतो, आणि ते आपला अकीदाच आहे. पण “हे आमचेही” म्हणणे आणि “हे तुमचे नाहीच” म्हणणे, यांत स्ट्रासबर्गच्या पहिल्या आणि फिलाडेल्फियाच्या दुसऱ्या पुतळ्याइतके अंतर आहे. पहिले म्हणता म्हणता माणूस दुसरे कधी म्हणू लागतो, ते त्याचे त्यालाच कळत नाही. माझ्या मुलाला कळले नव्हते.

सासूबाईंना मी सगळे थोडक्यात सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “म्हणजे जबूर ज्याच्या दुआत आहे त्याची.” आलिम यावर अधिक बारकाईने बोलतील. मला शाळेत जायचे होते, तेवढे उत्तर पुरले.

दुसऱ्या दिवशी मुलगा एकटाच बाईंच्या घरी गेला. काय बोलला ते मी विचारले नाही. परत आल्यावर एवढेच म्हणाला, “अम्मी, त्याची आजी ते पान रोज वाचायची. लाल पेन्सिलने खूण केलेले. त्याने मला दाखवले.”

या महिन्याचा अभ्यास वाचकांनाही देते. आपल्या ओळखीतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाला विचारा, त्यांच्या घरात कोणते स्तोत्र म्हणतात आणि का. वाद घालायला नको, फक्त ऐकून या. अल्लाह आपल्याला ऐकण्याची तौफीक देवो. आमीन.